आढळून आले, पण कोणाला?

मराठीत प्रबंध लिहायला घेतला की पहिली सूचना मिळते ती ही : 'मी' काढा. 'मी पाहिलं' नको, 'पाहण्यात आले' लिहा. 'मला दिसलं' नको, 'निदर्शनास आले' लिहा. 'मी साठ लोकांशी बोलले' तर नकोच नको, 'साठ उत्तरदात्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या' असं लिहा. का? तर शास्त्रीय लेखन वस्तुनिष्ठ असतं, त्यात व्यक्ती दिसता कामा नये. संपला विषय.

माझ्या मते विषय इथे सुरू होतो. लेखन व्यक्तिनिरपेक्ष असावं हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण व्यक्तिनिरपेक्ष असणं आणि व्यक्ती गायब करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दुसरी करून पहिली केल्याचं समाधान मानलं जातं.

आता मी काही भाषेचा माणूस नाही. आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवारी हे असलं काहीतरी. पण माझी एक मावसबहीण भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर प्रबंध लिहितेय, आणि घरात एक इंजिनियर असला की अनुक्रमणिका लावणं, पानांचे नंबर नीट करणं ही कामं आपोआप त्याच्याकडे येतात. त्या निमित्ताने तिचा मसुदा वाचला. मार्गदर्शकांच्या लाल शाईसकट.

(मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत. त्यातले बरेच कोहळी समाजाने बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि मग त्यांची निगा कोणी राखायची हा प्रश्न जो सुरू झाला तो अजून सुरूच आहे. असो, तो तिचा विषय.)

तिच्या वहीत एका म्हाताऱ्या मच्छीमाराचं वाक्य आहे : "तलाव भरते, पण पाणी टिकत नाही जी." पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, 'पन्नास वर्षं या तलावात मासेमारी केलेल्या एका वृद्ध ढीवराने मला सांगितले की तलाव भरतो, पण पाणी टिकत नाही.' दुरुस्त मसुद्यात त्याचं झालं, 'तलावाच्या जलधारण क्षमतेत घट झाल्याचे निदर्शनास आले.'

आता मला सांगा, कोणाच्या निदर्शनास आले? निरीक्षण त्या म्हाताऱ्याचं. पन्नास वर्षांचं. ते ऐकलं माझ्या बहिणीने. दुरुस्त वाक्यात दोघंही नाहीत. वाचणाऱ्याला वाटेल की कोणीतरी तलावात मोजपट्टी लावून दोन-चार पावसाळे नोंदी घेतल्या असतील. तसं काहीच झालेलं नाही. म्हणजे वाक्य जास्त 'शास्त्रीय' झालं आणि त्याच वेळी जास्त खोटं झालं. एका शब्दाचाही खोटेपणा न करता! मला हे फार भयंकर वाटतं. पहिल्या वाक्यावर प्रश्न तरी विचारता येतात. एकच माणूस म्हणाला का? तो तलावाच्या कुठल्या बाजूला राहतो? त्याला सोसायटीच्या ठेक्याबद्दल तक्रार आहे का? दुसऱ्या वाक्याला काय विचारणार? तिथे कोणी बसलेलंच नाही.

आणखी एक गंमत. तिच्या साठ मुलाखतींपैकी जवळजवळ चाळीस बायकांच्या आहेत. कारण उघड आहे, ती बाई आहे. तिला घरात बोलावलं, चहा दिला, शिंगाडे कोण काढतं आणि त्याचे पैसे कोणाच्या हातात पडतात हे सगळं सांगितलं. रात्री पारावर बसणाऱ्या पुरुषांपर्यंत ती पोचू शकली नाही. हे तिच्या माहितीचं बलस्थान आणि तिची मर्यादा, दोन्ही आहे. 'मुलाखती घेण्यात आल्या' या तीन शब्दांत दोन्ही वाहून गेलं.

इथे मराठीचा एक खास स्वभाव आड येतो. इंग्रजीत 'आय वेंट' म्हटलं तर गेलेला माणूस बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले', मधला रस्ता नाही. (आमच्या नागपूरकडे बायका 'मी गेली' म्हणतात, त्याच्यावर तर दोनदा लाल शाई. एकदा 'मी' म्हणून आणि एकदा 'गेली' म्हणून.) पण हेच क्रियापद सकर्मक झालं की चित्र पालटतं. 'मी पाणी मोजले.' इथे क्रियापद पाण्याप्रमाणे चालतं, मोजणाऱ्याप्रमाणे नाही. बाईने मोजो, बुवाने मोजो, मोजले ते मोजलेच. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून घोकलं, आणि परीक्षेनंतर विसरलो. पण बघा ना, काय सुंदर सोय आहे! कर्ता वाक्यात हजर आहे, जबाबदारी घेऊन उभा आहे, पण क्रियापद त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सगळं लक्ष वस्तूवर. वस्तुनिष्ठ, वस्तुनिष्ठ म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्ता गाळायची सवय आहे. आपल्या कर्मणीत कर्ता तसाच राहतो. तरीही आपण 'मी मोजले' टाकून 'मोजले गेले' आणि 'मोजण्यात आले' का धरलं? 'रावण रामाकडून मारला गेला' हे व्याकरणाच्या पुस्तकातलं ठरलेलं उदाहरण आठवतंय? त्या प्रयोगाला नवीन कर्मणी असं नाव आहे, आणि त्याच्यावर इंग्रजी वळणाची छाप आहे. बोलताना असं कोणी म्हणत नाही. 'माझ्याकडून चहा प्यायला गेला' असं म्हणणाऱ्या माणसाला घरचे डॉक्टरकडे नेतील.

मराठीला स्वतःचं जुनं कर्मणी रूप होतंच की. ज्ञानेश्वरीच्या काळातल्या मराठीत 'करिजे', 'बोलिजे' अशी रूपं सर्रास येतात, म्हणजे केले जाते, बोलले जाते. ती रूपं गेली, पण दोन पोरं मागे ठेवून गेली. एक 'म्हणजे', मूळ 'म्हणिजे', म्हटले जाते. दुसरं 'पाहिजे'. 'मला चहा पाहिजे' म्हणताना आपण रोज सातशे वर्षं जुनं पॅसिव्ह वापरतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. तेव्हा पॅसिव्ह परकं आहे, इंग्रजांनी आणलं, असं मी म्हणत नाहीये. माझा राग प्रयोगावर नाही. त्याच्यामागे लपून बसण्यावर आहे.

'करण्यात येत आहे' याचं खरं माहेर कुठे आहे ते कुठलाही शासन निर्णय उघडला की कळतं. महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि सरकारी कारभार मराठीत आणायचं प्रचंड काम झालं. त्या कामाची टिंगल करायची फॅशन आहे, मला ती आवडत नाही. आणि सरकारी कागदावर 'आदेश देण्यात येत आहे' हे अगदी बरोबर आहे. कारण आदेश देशमुख किंवा मेश्राम नावाचा माणूस देत नाही, खुर्ची देते. उद्या खुर्चीत दुसरा बसला तरी आदेश तोच. तिथे माणूस गाळणं हाच प्रामाणिकपणा.

संशोधकाला खुर्ची नसते. तो स्वतः चालत गेलेला असतो, त्याने ठराविक लोकांनाच विचारलेलं असतं, त्याचा मीटर ठराविक दिवशी बिघडलेला असतो. त्याने खुर्चीची भाषा वापरली की जो अधिकार त्याच्याकडे नाही तो त्याला फुकटात मिळतो. विद्यापीठांनी कचेरीची भाषा उचलली ती मला वाटतं यामुळेच. ती भारदस्त वाटते, कारण तिच्यामागे शिक्का असतो.

'पण विज्ञानात असंच लिहितात' हे उत्तर मला दर वेळी मिळतं. लिहायचे, बराच काळ. पण आधीही नाही आणि आताही तितकं नाही. न्यूटनने १६७२ साली रॉयल सोसायटीला प्रकाशाबद्दल जे लिहून पाठवलं त्यात 'मी' जागोजागी आहे, मी लोलक आणला, खोली अंधारी केली, असं. आणि ही तीच रॉयल सोसायटी जिचं बोधवाक्यच 'कोणाच्या शब्दावर विसंबू नका' अशा अर्थाचं आहे. 'मी' लिहिलं म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं होत नाही. मी काय केलं ते सांगतो, तुम्ही करून बघा, असं होतं. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३ चा लेख 'आम्ही' या शब्दानेच सुरू होतो. आणि 'नेचर' हे नियतकालिक आज लेखकांना चक्क सांगतं की कर्तरीत लिहा.

याच्या उलट टोकाचा एक किस्सा तर फारच भारी आहे. जॅक हेदरिंग्टन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ साली एकट्याने केलेला लेख सगळा 'आम्ही' वापरून टाईप केला. एका सहकाऱ्याने सांगितलं, लेखक एकच असेल तर हे नियतकालिक 'आम्ही' चालवून घेत नाही. टाईपरायटरचे दिवस, पुन्हा सगळं टाईप कोण करणार? त्याने आपल्या मांजराला सहलेखक केलं! एफ. डी. सी. विलार्ड असं रुबाबदार नाव देऊन. लेख 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. 'आम्ही'चा हट्ट धरला की मांजर आत येतं. 'करण्यात आले' म्हटलं की मांजराचीही गरज उरत नाही. :-)

आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की सकाळी अहवाल लिहावा लागतो. तिथे 'चुकीची सेटिंग टाकली गेली' असं लिहिणारे खूप भेटतात. त्यांना वाटतं, आपण कोणाला दोष न देता सभ्यपणे लिहिलं. पण चांगल्या टीममध्ये असा अहवाल परत येतो. नाव नको, फाशी द्यायची नाहीये कोणाला. पण कोणत्या भूमिकेतल्या माणसाने, किती वाजता, समोर काय दिसत असताना, काय केलं, हे हवंच. नाहीतर पुढच्या महिन्यात तीच सेटिंग पुन्हा 'टाकली जाणार'. दोष न देणं आणि कर्ता पुसणं यात जो फरक आहे, तोच फरक व्यक्तिनिरपेक्ष असण्यात आणि गायब होण्यात आहे.

आणि इंजिनियरिंगच्या जर्नल्सबद्दल तर बोलायलाच नको. होस्टेलवर वर्षानुवर्षं फाइली फिरतात, 'रीडिंग्ज वेअर टेकन'. टेकन बाय हूम? चार बॅच आधीच्या एका सज्जनाने. वाक्य कोणाच्याही फाइलीत शोभून दिसतं, कारण ते कोणाचंच नाही. हेच वाक्य 'मी आणि माझ्या जोडीदाराने रीडिंग घेतले' असं लिहायला लावा, उतरवताना निदान हात तरी अडखळेल.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. 'मी'ला मोकळं सोडलं की तो लगेच 'मला वाटते' होतो, आणि 'मला वाटते' हे शास्त्रीय लेखनातलं तण आहे. माझ्या बहिणीच्या शेवटच्या प्रकरणात 'मला वाटते की तलावांची दुरवस्था सरकारी अनास्थेमुळे झाली' असं वाक्य होतं. मार्गदर्शकांनी ते खोडलं, आणि इथे मी पूर्ण त्यांच्या बाजूचा आहे. तुला काय वाटतं ते राहू दे, दुरुस्तीवर कोणत्या वर्षी किती खर्च झाला ते दाखव. 'मला वाटते' काढून टाकलं की वाक्य लंगडं पडतं, आणि मग त्याला पुराव्याची काठी शोधावीच लागते. औपचारिक भाषेची खरी कमाई ही आहे. पण नियम 'मी काढा' असा सरसकट लावल्यामुळे झालं काय, तर 'मला वाटते' गेलं ते चांगलं झालं, आणि त्याच्याबरोबर 'मी मोजले', 'मी विचारले', 'मला सांगितले' हेही गेलं. तणाबरोबर धानही उपटलं.

हे कसं करावं हे शिकायला केंब्रिजला जायची गरज नाही. आपल्या विदर्भातच बघा. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, ते लीळाचरित्र. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. पद्धत काय होती? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जायचं, विचारायचं, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. पुढे मूळ पोथी हरवली तेव्हा लोकांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, आणि पाठ वेगवेगळे निघाले. तेव्हा परंपरेने काय केलं? एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळले नाहीत. अमुक पाठ अमक्याचा, असे पाठभेद जपले. आपले वि. भि. कोलते, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते ते, त्यांनी १९७८ साली लीळाचरित्राची संपादित आवृत्ती काढली. लीळा वाचताना म्हाइंभट कुठेही मध्ये येऊन आपलं मत देत बसत नाही. लिहिणारा मागे सरकलेला आहे, पण साक्षीदार पुढे आहेत. अमेरिकेतल्या कुठल्या शैलीपुस्तकाआधी सहा-सातशे वर्षं!

हे काम झालं ते रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याच रिद्धपूरला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा एक ताम्रपट सापडला. तो 'रामगिरिस्वामी'च्या पायाशी दिलेला आहे असं त्याच्यावर कोरलंय. नागपूरचे वा. वि. मिराशी, ज्यांनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादित केले, त्यांचं म्हणणं होतं की मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक. काही विद्वान रामगिरी छत्तीसगडकडे नेतात. वाद आहे. पण या वादात मिराशी नागपूरचे होते, म्हणून त्यांना रामटेक हवं होतं, असं कोणी म्हणालं तरी फरक काय पडतो? ताम्रपटावरची अक्षरं पुण्याच्या माणसाने वाचली तरी तीच राहतात. मिराशींनी 'माझे मत' असं लिहिलं काय किंवा 'असे दिसते' असं लिहिलं काय, ताम्रपट टेबलावर आहे. व्यक्तिनिरपेक्षता त्या टेबलावर असते, क्रियापदात नसते.

आणि केतकर? ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशाचं मंडळ ही नागपूरची लिमिटेड कंपनी होती, हे नागपूरकरांनाही सांगावं लागतं! २३ खंडांचा कोश काढला, आणि तो काढताना पैसे कसे उभे केले, माणसं कशी जमवली, कोणाशी काय बिनसलं, याचा वेगळा इतिहास १९२७ साली लिहिला. त्याच्या नावातच 'माझे बारा वर्षांचे काम' आहे. 'माझे'! कोश वाचताना ज्याला शंका येईल त्याने ते पुस्तक उघडावं आणि हा कोश कोणी, कसा, किती अडचणीत केला ते बघावं. मराठी विश्वकोशातही नोंद कितीही कोरडी असो, तिच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. कोरडेपणा आणि सही एकत्र नांदू शकतात.

एक शेवटची ठसठस आहे, ती सांगतो. आपल्याकडे 'व्यक्ती दिसू नये' म्हणताना बऱ्याचदा 'गाव दिसू नये' असंही म्हणायचं असतं. १९६२ च्या लेखननियमांत बोलण्यातलं 'असं केलं' आणि एरवीचं 'असे केले' अशी व्यवस्थित सोय आहे. (हा ब्लॉग त्या दोन्हींची मिसळ करतो हे मला माहीत आहे, पत्रं पाठवू नका.) म्हणजे पात्राच्या तोंडी बोली चालते. मग प्रबंधात तो म्हातारा पात्रच आहे की! त्याचं 'तलाव भरते' तसंच अवतरणात ठेवलं तर काय बिघडतं? नागपूर-भंडाऱ्याकडे तलाव 'भरतो' नाही, 'भरते'. ते शुद्ध करून घेतलं की वाक्य सगळ्या महाराष्ट्राचं होतं असं म्हणतात. माझ्या कानाला ते फक्त पुण्याचं होतं. प्रमाणभाषा लागते, मी तिच्या विरुद्ध नाही, हा लेखही तिच्यातच लिहितोय. पण तिला पत्ता नाही असं कोणी सांगू नये.

हे सगळं आत्ताच का उकरून काढलं म्हणाल, तर २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसकट काही भारतीय भाषांमधून इंजिनियरिंग शिकवायला परवानगी दिली. पाठ्यपुस्तकं येतायत. म्हणजे मराठीत प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिणारी पोरं आता खरोखर असणार आहेत. त्यांच्यासाठी नमुने तयार होतील तेव्हा कोणीतरी 'व्होल्टेज मोजण्यात आले' असं लिहून ठेवेल, आणि पुढची तीस वर्षं तेच उतरवलं जाईल. त्याआधी एखाद्या सरांनी फळ्यावर एवढं लिहून ठेवलं तर बरं : 'आम्ही दोघांनी व्होल्टेज तीन वेळा मोजले. तिसऱ्या वेळी मीटर बदलला, कारण पहिल्याचा काटा शून्यावर येत नव्हता. पहिली दोन रीडिंग्ज खोडलेली नाहीत, बाजूला दिली आहेत.'